जुना ट्रक घेताना चेसिस नंबर जुळत नसेल तर: तपासणी, दुरुस्तीचा अर्ज आणि कागदपत्रे

वणीच्या कोळशावर, गोंदियाच्या धानावर किंवा खामगावच्या सोयाबीनवर चालवायला जुना ट्रक घेणारा माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर दाबून बघतो, स्प्रिंगचे पाटे मोजतो. चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला ओळख क्रमांक, मात्र तो आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) वाचतो, गाडीवर नाही. मग गाडी नावावर करताना किंवा पासिंगला निरीक्षक खाली वाकून नंबर बघतो, आणि तिथे अर्ज अडतो. तोवर पूर्ण रक्कम देऊन झालेली असते.

म्हणून सर्वात महत्त्वाचे आधी. आरसीवरच्या नंबरची दुरुस्ती गाडी जुन्या मालकाच्या नावावर असतानाच झाली पाहिजे. दुरुस्तीचा अर्ज आरसीवर ज्याचे नाव आहे त्यालाच करता येतो, आणि तो गाडीची नोंद ज्या आरटीओत आहे तिथेच करायचा असतो. खरेदीदार, दलाल किंवा मुखत्यारपत्रावर गाडी फिरवणारा यांच्या अर्जाला तिथे वजन नसते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५(५) प्रमाणे गाडीवरचा इंजिन किंवा चेसिस नंबर आरसीतल्या नंबरपेक्षा वेगळा निघाला, तर मालकाचे म्हणणे ऐकून घेऊन नोंदणी रद्द करता येते. त्या दिवशी मालक तुम्ही असाल, तर उत्तरही तुम्हालाच द्यावे लागेल.

नंबर गाडीवरून कसा घ्यायचा

बहुतेक ट्रकांचा चेसिस नंबर चेसिसच्या उजव्या लांब बीमवर, पुढच्या चाकाच्या आसपास पंच केलेला असतो. त्यावर ग्रीस, माती आणि रंगाचे थर असतात. डिझेलमध्ये भिजवलेले फडके दहा मिनिटे लावून ठेवा, मग ब्रशने हलक्या हाताने घासा. ग्रायंडर किंवा पॉलिश पेपर लावू नका. अक्षराची कड गेली, की खरा नंबरही खोडलेला दिसतो आणि निरीक्षक शंका घेतो, त्यात त्याचे चुकत नाही.

जागा कोरडी झाल्यावर पातळ पांढरा कागद दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून फिरवा. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळा नंबर एकाच कागदावर यायला हवा. अशा तीन-चार छापा घ्या, अर्जालाही त्या लागतात. इंजिन नंबर ब्लॉकवरून वेगळा घ्या. केबिनमधल्या पत्र्याच्या पाटीवर भिस्त ठेवू नका, ती चार रिबिटांवर बदलता येते.

आता छाप नीट बघा. कंपनीने पंच केलेली अक्षरे एका ओळीत, सारख्या खोलीची असतात. एखादा इंग्रजी 3 उजवीकडे उथळ आणि डावीकडे खोल लागून 8 झालेला दिसला, 1 चा 4 किंवा 7 झाल्यासारखा वाटला, नंबराभोवती घासल्याचा सपाट चट्टा असला, किंवा नंबर असलेला तुकडाच वेल्डिंगने बसवलेला असला, तर सौदा तिथेच थांबवा. भंगारात गेलेल्या किंवा अपघातात संपलेल्या ट्रकचे कागद चोरीच्या ट्रकला लावायचे, हा धंदा याच पद्धतीने चालतो.

सतरा अक्षरे काय सांगतात

अलीकडच्या गाड्यांचा नंबर १७ अक्षरांचा असतो. पहिली तीन अक्षरे कंपनीची: टाटाची एमएटी, अशोक लेलँडची एमबी१, आयशरची एमसी२. दहावे अक्षर बहुतेक कंपन्या गाडी बनवल्याच्या वर्षासाठी वापरतात: २०१० ला ए, २०१५ ला एफ, २०१७ ला एच, २०१८ ला जे, २०२० ला एल. डिसेंबर-जानेवारीच्या गाडीत हे वर्ष आणि आरसीवरचे वर्ष यांत एका वर्षाचा फरक पडू शकतो. तीन-चार वर्षांचा फरक पडत नाही.

या १७ अक्षरांत इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरतच नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. त्यामुळे आरसीवर ओ असेल आणि गाडीवर त्याच जागी शून्य असेल, तर ती टायपिंगची चूक आहे आणि दुरुस्त होते. बऱ्याच तफावती अशाच असतात, विशेषतः जुन्या कागदी नोंदी संगणकात चढवल्या त्या काळच्या. फार जुन्या ट्रकांचे नंबर मात्र १७ अक्षरांचे नसतात. तिथे विक्री प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २१, हाच आधार.

एक चाचणी फुकट होते. परिवहन पोर्टलवर वाहनाच्या ऑनलाइन सेवेसाठी गाडी नंबर आणि चेसिसची शेवटची ५ अक्षरे मागतात. गाडीवरून घेतलेली ५ अक्षरे टाकून पुढचे पान उघडले नाही, तर नोंद वेगळी आहे. पण उघडले म्हणून निर्धास्त होऊ नका, पहिल्या १२ अक्षरांतली चूक यात सापडत नाही. सोबत राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या डिजिटल पोलीस पोर्टलवर वाहन एनओसी (ना-हरकत दाखला) काढा. चोरीच्या गाड्यांच्या नोंदीत हा नंबर आहे का, ते त्यात कळते. त्यात गाडीवरचा नंबर टाका, आरसीवरचा नाही.

कोणत्या तफावतीला काय लागते

नोंदीतली चूक असेल तर मालकाने दुरुस्तीचा अर्ज, मूळ आरसी, नमुना २१, कंपनीचा नमुना २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला), पहिल्या खरेदीचे बिल, चालू विमा, फिटनेस, पीयूसी, ओळख व पत्त्याचा पुरावा, पेन्सिल छाप आणि प्रतिज्ञापत्र द्यावे. जुने बिल हरवले असेल, तर मूळ विक्रेत्याकडून किंवा कंपनीकडून त्या चेसिस नंबराचे पत्र आणावे. अर्ज बहुधा या एका कागदासाठी अडकतो. कर्ज असेल तर बँकेचे संमतीपत्रही. मग गाडी निरीक्षकाला दाखवावी लागते. चलान आणि कर थकलेला असेल तर आधी भरून घ्या.

इंजिन बदललेले असेल तर कलम ५२ प्रमाणे बदलापासून १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. बहुतेकांनी कळवलेले नसते. इंजिनाचे बिल हवे. जुन्या गाडीतून काढलेले असेल तर त्या गाडीच्या आरसीची प्रत आणि विक्रीचा कागद हवा. बिल नसलेले इंजिन विक्रेत्याने कितीही शपथा घेतल्या तरी स्वीकारू नका.

नंबर गंजून गेला असेल तर तो वेल्डरकडून परत ठोकून घेणे हा गुन्ह्याचा पुरावा तयार करणे आहे. आरटीओला लेखी अर्ज, निरीक्षकाची पाहणी आणि लेखी परवानगी, त्यानंतरच पंच.

खाडाखोड दिसली तर अर्ज नाही, खरेदीही नाही. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे वाटण्यास कारण असून, अप्रामाणिकपणे घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

रायपूर, छिंदवाडा, आदिलाबादहून गाडी आणताना

परराज्यातली गाडी तिथल्या आरटीओच्या नमुना २८ च्या एनओसीवर येते आणि त्यावर चेसिस आणि इंजिन असे दोन्ही नंबर छापलेले असतात. एनओसीत एक अक्षर चुकले, तरी चंद्रपूर किंवा भंडाऱ्याचे आरटीओ ते दुरुस्त करू शकत नाही, कागद परत तिकडेच जातो. म्हणून एनओसी हातात पडताच तिथल्या तिथे छाप शेजारी धरून अक्षर-अक्षर वाचा. कर्ज थकल्याने बँकेने ओढून आणलेली गाडी लिलावात घेत असाल, तर बँकेने नमुना ३६ वर स्वतःच्या नावाची आरसी काढली आहे का, ते विचारा.

नंबर जुळला, की नमुना २९ आणि ३० भरून ट्रान्सफर. कर्ज फिटलेले असेल तर आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा नमुना ३५ सोबत. विक्रेत्याने १४ दिवसांत, राज्याबाहेरची गाडी असेल तर ४५ दिवसांत, आणि खरेदीदाराने ३० दिवसांत कळवायचे असते. परमिटची ट्रान्सफर वेगळी असते.

इसार देताना चिठ्ठीवर गाडीवरून घेतलेला पूर्ण चेसिस नंबर लिहा, पेन्सिल छाप तिलाच जोडा, आणि ‘नंबरची दुरुस्ती विक्रेता स्वतःच्या खर्चाने करून देईल, न झाल्यास इसार परत’ ही ओळ दोघांच्या सहीने घाला. उरलेली रक्कम दुरुस्त आरसी बघितल्यावर. नावावर झाल्यावर १४ दिवसांत विमाही आपल्या नावावर करून घ्या, आणि पॉलिसीवरचा चेसिस नंबर त्याच छापेशी ताडून बघा.