तारापूरचं वय कशावरून ठरतं?

जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला की कोल्हापुरात एक प्रश्न येतोच: अणुभट्टी टिकते किती वर्षं? अणुस्कुरा घाट उतरला की राजापूर तालुका, म्हणजे प्रकल्प तसा शेजारचाच. उत्तर शोधायचं तर आधी तारापूरच्या जुन्या अणुवीज केंद्राकडे बघावं लागतं.

तारापूरचे पहिले दोन संच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे, प्रत्येकी २१० मेगावॉटचे. ऑक्टोबर १९६९ मध्ये ते रीतसर चालू झाले. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला आणि इंधनाची ओढाताण सुरू झाली. पुढे दुय्यम बाष्पजनित्रांच्या, म्हणजे भट्टीच्या उष्णतेवर जादा वाफ करणाऱ्या उपकरणांच्या, नळ्या गळू लागल्या. ऐंशीच्या दशकात क्षमता १६० मेगावॉटवर आणली गेली, ती कायमचीच.

नळ्या, केबल, पंप, वेल्डिंगच्या जोडापाशी तडे गेलेले पाइप हे सगळं बदलता येतं. भट्टीचं दाबपात्र, म्हणजे इंधन ज्यात असतं ते जाड पोलादी भांडं, मात्र बदलत नाहीत आणि न्यूट्रॉनच्या माऱ्याने त्याचं पोलाद वर्षागणिक ठिसूळ होत जातं. म्हणून त्याच पोलादाचे छोटे तुकडे आत ठेवतात, ठरावीक वर्षांनी त्यांतले काही बाहेर काढतात आणि हातोड्याच्या घावाने तोडून बघतात. शिरोलीच्या फौंड्रीवाल्याला हे वेगळं समजवायला नको. टेस्ट बार तुटतो कसा, यावर कास्टिंगचा निकाल लागतो. पण नापास माल तो परत वितळवू शकतो.

अमेरिकेत परवान्याची मुदत ४० वर्षं ठरली, ती पोलाद बघून नव्हे. गुंतवणुकीची वसुली आणि मक्तेदारी रोखण्याचा विचार त्यामागे होता. पुढे तीच मुदत ६० वर आणि काही भट्ट्यांना ८० वर गेली. म्हणून जैतापूरच्या भट्ट्या ‘साठ वर्षं’ चालणार, एवढं ऐकून आपण गप्प बसू नये. त्या तुकड्यांचे निकाल लोकांपुढे कधी आणि कसे ठेवणार, हे पाया खणण्याआधी लेखी मिळालं पाहिजे.

आपल्याकडे १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ आलं. दर दहा वर्षांनी सुरक्षेचा सखोल आढावा घ्यायची पद्धत आहे. २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात त्सुनामीच्या पाण्याने भट्ट्या थंड ठेवण्यासाठी वीज देणारे डिझेल जनरेटर बंद पाडले. तिथली पहिली भट्टीही जनरल इलेक्ट्रिकचीच, तारापूरसारखी उकळत्या पाण्याची. तारापूरचे हे दोन्ही संच २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवले गेले. भट्टीतलं पाणी फिरवणारे मुख्य पाइप काढून, न गंजणाऱ्या सुधारित पोलादाचे पाइप बसवणं हे त्यातलं मोठं काम.