साठ दिवसांचं सरपण

कणकवलीच्या एसटी स्टँडसमोरच्या ज्या टपरीवर मी सकाळचा चहा घेतो, तिथे पेपर एकच येतो आणि गिऱ्हाइकं दहा असतात. त्यामुळे बातमी वाचली जात नाही, ऐकवली जाते. परवा कुठल्याशा तुरुंगातल्या उपोषणाची बातमी अशीच ऐकवली गेली. कैद्याचा चाळिसावा दिवस. वाचणाऱ्याने पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाला, "चाळीस दिवस माणूस जेवल्याशिवाय ऱ्हवता काय? रातचो गपचूप खाता आसतलो." कोपऱ्यातले काका उसळून म्हणाले, "तसा नाय रे! योगाभ्यास आसतलो. मन घट्ट आसला की शरीर वाऱ्यार चलता." मग दोघंही माझ्याकडे वळले, कारण मी जीवशास्त्र शिकवतो हे टपरीला ठाऊक आहे. "सर, तुमी सांगा."

दोघंही चुकताय, एवढं मी सांगितलं आणि एसटी लागली. राहिलेलं इथे लिहितो.

आधी आकडे बघा. आयर्लंडच्या कॉर्क शहराचे महापौर टेरेन्स मॅक्स्विनी १९२० साली लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात उपोषणाच्या चौऱ्याहत्तराव्या दिवशी गेले. क्रांतिकारक जतीन दास लाहोरच्या तुरुंगात १३ सप्टेंबर १९२९ ला गेले, तो त्रेसष्टावा दिवस. १९८१ साली उत्तर आयर्लंडच्या मेझ तुरुंगात दहा तरुण एकापाठोपाठ मेले. त्यांतला सर्वांत लवकर गेलेला शेहेचाळीस दिवसांनी, सर्वांत उशिरा गेलेला त्र्याहत्तर दिवसांनी, आणि ज्याचं नाव जगभर झालं तो बॉबी सँड्स सहासष्ट दिवसांनी. देश वेगळे, साल वेगळं, जेलर वेगळे. तरी आकडे एकाच टप्प्यात पडतात. चोरून खाल्लं असतं तर कुणी सहा महिने जगला असता, कुणी वर्षभर. योगाने जगायचं म्हटलं, तर त्या आयरिश पोरांना आपली एकादशीही ठाऊक नव्हती. माणसांनी आपापल्या परीने ठरवलेला आकडा इतका सारखा येत नाही. हा आकडा शरीराने ठरवलेला आहे.

(यात पाणी धरलेलं आहे. पाणीही सोडलं तर गोष्ट साधारण आठवडाभरात संपते.)

आपल्याकडे मे महिना कलला की अगोटीची गडबड सुरू होते. कणगीत भात, डब्यांत कुळीथ आणि आमसुलं, माळ्यावर सुकी मासळी, पडवीत लाकडांची रास. मासेमारीची बंदी बरीच वर्षं १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे, म्हणजे दर्यावर्दी माणसाला साठ दिवसांची बेगमी काय असते ते शिकवायला नको. शरीरही अशीच बेगमी करून असतं. ७० किलोचा साधा माणूस घ्या. त्याच्या रक्तात साखर जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. यकृतात ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवणीच्या साखरेच्या रूपात १०० ग्रॅम. स्नायूंत आणखी ४०० ग्रॅम, पण स्नायूंच्या कोठीला आतून कडी असते. ते शेजाऱ्याला देत नाहीत. ही झाली रोख रक्कम, ती दीड-दोन दिवसांत उडते. खरी रास चरबीची. धरा १२ किलो. एका ग्रॅमला ९ किलोकॅलरी, म्हणजे १,०८,००० किलोकॅलरी. उपाशी पडून असलेल्या माणसाला दिवसाला सुमारे १,६०० लागतात. भागाकार करा: ६७ दिवस.

हे गणित मी पहिल्यांदा केलं तेव्हा वहीच्या कोपऱ्यात सँड्सचा ६६ लिहून बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

पण सरपण आहे म्हणून भात शिजतोच असं नाही. घरात एक पाहुणा आहे, त्याला लाकडाची चूल चालत नाही. तो म्हणजे मेंदू. वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण खर्चाला पाचवा हिस्सा मागणारा. त्याला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. चरबीतली आम्लं त्याच्या कामाला येत नाहीत. आणि त्या आम्लांपासून ग्लुकोज बनवता येत नाही. का येत नाही, हा माझ्या आवडीचा भाग. पुढचा परिच्छेद घाटाचा आहे; ज्यांना करूळ घाटात गाडी लागते त्यांनी तो सोडून खाली उतरावं.

ग्लुकोजमध्ये सहा कार्बन. पेशी त्याचे दोन तुकडे करते, तीन-तीन कार्बनचे, हे पायरुव्हेट. त्यातला एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो आणि दोन कार्बनचं असिटिल-कोए उरतं. ही पायरी एकमार्गी आहे, उलट चढता येत नाही. चरबीतलं सोळा कार्बनचं आम्ल तुटतं ते थेट आठ असिटिल-कोएमध्ये, म्हणजे घाटाच्या खालच्या बाजूलाच. तिथून पुढे एकच वाट: चार कार्बनच्या ऑक्झॅलोअसिटेटचा हात धरून क्रेब्स चक्रात, म्हणजे पेशी इंधन जाळते त्या फेऱ्यात शिरायचं. चक्राच्या एका फेरीत दोन कार्बन आत येतात आणि दोन बाहेर पडतात, शिल्लक शून्य. शून्यातून साखर कशी काढणार? त्यात उपाशी यकृत तेच ऑक्झॅलोअसिटेट उचलून ग्लुकोज बनवायला वापरत असतं. मग हात धरायला कुणी नाही आणि गणपतीत रेल्वेच्या खिडकीवर लागते तशी असिटिल-कोएची रांग लागते. यावर यकृताने काढलेला तोडगा असा: रांगेतल्यांच्या जोड्या लावायच्या. दोन असिटिल-कोए काही पायऱ्यांनी जुळून चार कार्बनचं असिटोअसिटेट होतं, त्यातल्या बऱ्याचशाचं बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट. यांनाच कीटोन म्हणतात. लहान, पाण्यात विरघळणारे, मेंदूच्या दारातून सहज आत जाणारे.

खाली उतरलेल्यांसाठी: यकृत चरबीच्या ओंडक्यांचे असे ढलपे करतं की मेंदूच्या नाजूक शेगडीतही ते जळतात. गंमत म्हणजे यकृताला स्वतःला ते जाळता येत नाहीत, त्यासाठी लागणारं विकरच (एन्झाइम) त्याच्याकडे नाही. आपल्याकडे वाढपी निदान शेवटच्या पंगतीला बसतो. हा वाढपी बसतच नाही.

हे होईपर्यंत, म्हणजे पहिल्या आठवड्यात, मेंदूची साखर येते कुठून? थोडी ग्लिसरॉलमधून, म्हणजे चरबीतली आम्लं ज्याला जोडलेली असतात त्या तुकड्यातून, दिवसाला २० ग्रॅमच्या आसपास. बाकीची प्रथिनांतून. प्रथिनं म्हणजे स्नायू, म्हणजे सरपण संपलेलं नसताना घराचे वासे काढून चुलीत घालणं. सुरुवातीला दिवसाला सुमारे ७५ ग्रॅम प्रथिनं जातात. चार हिस्से पाणी धरलं तर ते साडेतीनशे ग्रॅमहून जास्त मांस झालं. मग कीटोन वाढतात, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मेंदू आपली जवळजवळ दोन तृतीयांश गरज त्यांच्यावर भागवू लागतो. बोस्टनच्या जॉर्ज केहिल यांच्या गटाने हे १९६७ मध्ये दाखवलं, तोवर मेंदू फक्त ग्लुकोजवर चालतो असंच शिकवलं जाई. वाशांची तोड २० ग्रॅमवर येते.

हे कीटोन नसते तर? रोजच्या १०० ग्रॅम ग्लुकोजसाठी सुमारे १७५ ग्रॅम प्रथिनं मोडावी लागतात. स्नायूंत प्रथिनं असतात साधारण ६ किलो, आणि त्यातली अर्धी गेली की श्वास घेणारे स्नायूही उरत नाहीत. ३,००० भागिले १७५. सतरा दिवस. चरबीची रास पडवीत तशीच पडून, आणि माणूस गेलेला.

माझं म्हणणं असं की तुरुंगातलं उपोषण हे हत्यार या फरकात घडलेलं आहे, सतरा आणि सदुसष्ट यांच्यामधल्या पन्नास दिवसांत. जतीन दासांनी १३ जुलैला अन्न सोडलं. मागण्या होत्या राजकीय कैदी म्हणून वागवा, नीट जेवण द्या, वाचायला वर्तमानपत्र द्या. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त आधीच उपोषणाला बसले होते. सतरा दिवसांत सगळं आटोपलं असतं तर देशाला कळेपर्यंत राखही गार झाली असती. प्रत्यक्षात बातमीला दोन महिने मिळाले. सभा झाल्या, सिमल्याच्या सभागृहात जिना या कैद्यांच्या बाजूने बोलले, आणि पार्थिव लाहोरहून रेल्वेने हावड्याला गेलं तेव्हा वाटेतली स्टेशनं माणसांनी भरली होती. लोकांचा राग तापायला वेळ लागतो. तो वेळ यकृताने पुरवला.

उलट उदाहरण आपल्या रत्नागिरीचं. १९३२ साली गांधीवादी कार्यकर्ते आप्पासाहेब पटवर्धन तिथल्या तुरुंगात होते. भंगीकाम स्वतः करण्याची परवानगी त्यांनी मागितली. ब्राह्मण कैद्याला ते काम देता येत नाही म्हणून ती नाकारली गेली आणि आप्पांनी अन्न सोडलं. यरवड्यात असलेल्या गांधीजींना कळल्यावर ३ डिसेंबरला त्यांनीही सहानुभूतीचा उपवास सुरू केला आणि सरकार एक-दोन दिवसांत नरमलं. गांधीजींच्या यकृतातलं ग्लायकोजेनही पुरतं संपलं नसेल. कोण उपाशी आहे यावर घड्याळ किती पळवायचं ते सरकार ठरवतं, हे काही जीवशास्त्रात बसत नाही. आप्पा पुढे इथेच, कणकवलीच्या गोपुरी आश्रमात राहिले. टपरीवरच्या मंडळींना गोपुरी माहीत आहे, उपोषण नाही.

तिसऱ्या दिवसानंतर भूक मरते, हेही खरं आहे. त्याला निर्धार म्हणा, पण कीटोनचाही त्यात हात असावा. अर्धपोटी माणसाचे हाल उलट जास्त. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला ३६ स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्ध्या आहारावर ठेवलं, तर ते स्वप्नातही जेवत आणि पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. पूर्ण उपाशी कैद्याच्या श्वासाला उतरलेल्या फळासारखा, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो, तो असिटोनचा, म्हणजे कीटोनांपैकीच एकाचा. रातचो गपचूप खाणाऱ्याच्या तोंडाला तो येणार नाही. डॉक्टरला चोर पकडायला एवढं पुरतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात डोळे स्थिर राहत नाहीत, एकाचे दोन दिसतात, उलट्या होतात. हृदयही स्नायूच आहे, त्याचेही वासे निघत असतात.

काकांच्या योगाकडे येतो. मोबाईलवर एक संदेश फिरतो: उपवासाला नोबेल मिळालं, आपल्या ऋषींना हे आधीच ठाऊक होतं. २०१६ चं ते नोबेल योशिनोरी ओसुमी यांना मिळालं, पेशी आपलेच जुने भाग मोडून पुन्हा कसे वापरतात याच्या शोधासाठी, आणि त्यांनी उपाशी ठेवलं होतं यीस्टला. यीस्ट साबुदाण्याची खिचडी खात नाही. आपली एकादशी म्हणजे दुप्पट खाशी. तिच्यात कीटोनला उगवायलाही वाव नसतो.

जबरदस्तीने भरवण्याबद्दल थोडक्यात. नाकातून नळी घालून दूध ओततात, कैदी झटापट करतो, नळी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेली की दूध फुप्फुसात. जतीन दासांची फुप्फुसं अशीच बिघडली. अंदमानात १९३३ साली महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र हे तिघे या भरवण्यानंतरच गेले, भुकेने नव्हे. भानावर असलेल्या उपोषणकर्त्याला डॉक्टरने असं भरवू नये, असं जागतिक वैद्यक संघटनेने १९९१ च्या माल्टा जाहीरनाम्यात म्हटलं आहे.

दुसऱ्या दिवशी टपरीवर पुढचा प्रश्न तयार होता. "सलाईन लावलानी तर तो उपास कसलो?" नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये कॅलरी शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या एका लिटरमध्ये ५० ग्रॅम साखर, म्हणजे दोन चपात्यांएवढं. "आणि सोडताना शहाळा दिला तर?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण धोका तिथेच आहे. महिनाभर उपाशी माणसाला मोसंबीचा रस, पेढा, केळं असं एकदम दिलं की इन्सुलिन उसळतं, आणि साखरेबरोबर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढून नेतं. रक्तात ते आधीच बेताचं. हृदय अडखळतं आणि फोटो काढून झाल्यावर दोन-तीन दिवसांत माणूस दगावू शकतो. त्यात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, दोन-तीन आठवड्यांतच सरलेलं असतं, आणि ग्लुकोज जाळायला तेच लागतं. म्हणून डॉक्टर आधी थायमिन देतात, मग वजनाच्या किलोमागे १० किलोकॅलरी इतक्याच बेताने सुरुवात करून रोज रक्त तपासतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर; मूत्रपिंड थकलेलं असेल तर तेही उलटायचं.

"मग पेज?"

पेज चालेल, पातळ, चार चमचे, डॉक्टर समोर असताना. पांढऱ्या सडीक तांदळाची नको, त्यात थायमिन जवळजवळ नसतंच. तांदळाच्या कोंड्यातल्या याच जीवनसत्त्वासाठी डच डॉक्टर आइकमान यांना १९२९ मध्ये, म्हणजे जतीन दास गेले त्याच वर्षी, नोबेल मिळालं. आपला उकडा तांदूळ बरा. भात उकडताना थायमिन कोंड्यातून दाण्यात उतरतं.

"उकडो तर आमच्याकडे रोजच आसता," टपरीवाला म्हणाला, आणि पातेलं पुन्हा चुलीवर ठेवलं.