सूर्य मंद होता, तरी समुद्र गोठले का नाहीत?

सुरुवातीच्या पृथ्वीबद्दल मला सगळ्यात भारी वाटतं ते तिथलं ऊन. ४५० कोटी वर्षांपूर्वी सूर्य आजच्यापेक्षा जवळजवळ ३० टक्के मंद होता, कारण ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचा हेलियम होत जातो तसतसा तो हळूहळू जास्त तळपायला लागतो. आता हवा आजच्यासारखीच धरून हिशोब केला तर समुद्र दगडासारखे गोठायला हवेत, पण ऑस्ट्रेलियात जॅक हिल्सला झिरकॉन नावाच्या टणक खनिजाचे वाळूच्या दाण्याएवढे कण सापडलेत, त्यातले सगळ्यात जुने ४४० कोटी वर्षांचे, आणि त्यांच्यातला ऑक्सिजन तपासला की कळतं, तेव्हाही पृथ्वीवर द्रवरूप पाणी होतं! कार्ल सेगन आणि जॉर्ज म्युलन या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये हे कोडं मांडलं.

ऊब धरून ठेवणारा वायू म्हणून त्यांनी सुचवलेला अमोनिया काही टिकला नाही, तो अतिनील किरणांत लगेच तुटतो. पृथ्वीला ऊब दिली ती बहुतेक ज्वालामुखींच्या कार्बन डायऑक्साइडने, तो आजच्या कितीतरी पट होता, आणि पुढे सूक्ष्मजीवांनी सोडलेल्या मिथेननेही. तेव्हा हवेत मोकळा ऑक्सिजन जवळपास शून्य.

पण मग सूर्य तापत गेला तशी पृथ्वी भाजून का नाही निघाली? इथे पाऊस येतो. अंधेरीची गिल्बर्ट हिल बघा, बिल्डिंगांच्या मधोमध उभा काळा बेसॉल्ट, साधारण ६ कोटी वर्षांचा, वर गावदेवीचं देऊळ. त्यावर पडणाऱ्या पावसात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, म्हणून ते पाणी किंचित आंबट असतं आणि दगडातलं कॅल्शियम कणाकणाने काढून नेतं, मग ते समुद्रात जाऊन कार्बनसकट चुनखडी होतं. हवा तापली की ही झीज वाढते आणि गॅस कमी होतो, थंडी पडली की झीज मंदावते पण ज्वालामुखी काही थांबत नाहीत, म्हणून गॅस पुन्हा साठतो. गीझरच्या थर्मोस्टॅटसारखं, फक्त लाखो वर्षांच्या चालीने. वॉकर, हेज आणि कास्टिंग या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये ही कल्पना नीट मांडली.

हा थर्मोस्टॅटही कधीतरी मागे पडतो. साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी सायनोबॅक्टेरियांचा, म्हणजे उन्हावर अन्न बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा, ऑक्सिजन हवेत साठायला लागला, त्याने बहुधा मिथेन खाऊन टाकला आणि त्याच सुमारास पृथ्वीवर प्रचंड हिमयुग आलं. बर्फाखाली खडक झाकले गेले, झीज जवळपास बंद पडली, ज्वालामुखी मात्र चालूच होते, आणि त्यांचाच गॅस साठत साठत शेवटी बर्फ वितळला असं मानतात.