गोड्या पाण्यावरची लाकडी आगबोट

कोकणात ज्यांच्या घरी लाकडी होडी आहे त्यांना लाकूड पोखरणारी कीड काय करते ते सांगायला नको. दिसायला अळीसारखी, पण ती मुळात शिंपल्यांच्या जातीतली आणि तिला खारं पाणी लागतं. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवर जे पाच अवाढव्य तलाव आहेत त्यांचं पाणी गोडं, म्हणून तिथे ही कीडच नाही. समुद्रावर लोखंडी जहाजं आली तरी या तलावांवर ओकच्या लाकडाच्या मालवाहू आगबोटी १९०० च्या आसपासपर्यंत बांधल्या जात होत्या त्याचं हे एक मोठं कारण, आणि शिवाय जंगलं जवळच होती.

गोड्या पाण्याचा बॉयलरलाही फायदा. समुद्राचं पाणी उकळलं की आत मिठाचा थर धरतो, इथे तलावाचंच पाणी ओढून घेता यायचं.

१८६९ मधे क्लीव्हलंडला एलिहू पेक यांनी 'आर. जे. हॅकेट' बांधली, साधारण २११ फुटांची. कप्तान पार पुढे, इंजिन पार मागे आणि मधे सगळी जागा मालाला. डेकवरची झाकणं २४-२४ फुटांवर, कारण या पाचांपैकीच एक असलेल्या सुपीरियर तलावाच्या काठावरच्या मार्क्वेट बंदरात लोहखनिज ज्या पन्हळींतून घरंगळत खाली यायचं त्यांच्याशी ती जुळायला हवीत. भरणं त्यामुळे पटकन व्हायचं, पण उतरवताना माणसं पोटात उतरून फावड्यांनी बादल्या भरायची, लाल धुळीत, तासन् तास, आणि मला वाटतं या बोटींचं खरं इंजिन हीच माणसं होती. एप्रिलच्या सुमारास बर्फ वितळला की फेऱ्या सुरू आणि डिसेंबरात परत पाणी गोठलं की बंद, म्हणून मालक नोव्हेंबरच्या वादळातही एक शेवटची फेरी मारायला लावायचे.

आता लाकडाची मर्यादा. बोटीची दोन्ही टोकं निमुळती, तिथे पाण्याचा आधार कमी, मधला भाग रुंद त्याला पाणी जोरात वर उचलतं, म्हणजे रिकामी बोट मधे वर येते आणि टोकं खाली झुकतात, माणसाला पोक येतो ना तसंच. मधे खनिज भरलं की तीच बोट उलटी वाकायला बघते. दर फेरीला हे असं, मग फळ्यांचे सांधे सैल होतात, फटींत ठोकलेला काथ्या निघतो, पाणी झिरपतं आणि पंप चालूच ठेवावे लागतात. बोटी बांधणाऱ्या जेम्स डेव्हिडसन यांनी सांगाड्यावर तिरक्या धातूच्या पट्ट्या ठोकून लांबी वाढवत नेली, त्यांची १८९६ ची 'अ‍ॅपोमॅटॉक्स' तब्बल ३१९ फुटांची होती. याच्या पुढे लाकूड जाईना, तोवर पोलाद स्वस्त झालेलं.

१९०५ मधे हॅकेट आग लागून बुडाली आणि त्याच नोव्हेंबरात अ‍ॅपोमॅटॉक्स मिलवॉकीजवळ उथळ पाण्यात रुतली. अशा बोटींचे सांगाडे थंड गोड्या पाण्यात अजून टिकून आहेत, सांध्यातले खिळेसुद्धा मोजता येतात, आणि अनेक बोटींचे नकाशे उरलेलेच नाहीत म्हणून ते बघणं इतकं मोलाचं. पण गेल्या काही दशकांत बाहेरून आलेल्या जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्यातून क्वागा नावाचा परका शिंपला तलावांत शिरलाय. तो लाकूड खात नाही, फक्त चिकटतो, थरावर थर, इतका की खालची फळी दिसेनाशी होते. सुपीरियरच्या पाण्यात कॅल्शियम कमी, कवच बनवायला ते पुरत नाही, त्यामुळे तिथले सांगाडे अजून बऱ्यापैकी उघडे आहेत.