रानपिंगळा: खोट्या चिठ्ठीने लपवलेला पक्षी

सातपुड्याच्या सागवानी जंगलातला रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, 113 वर्षं कोणा अभ्यासकाला दिसला नाही. त्याच्या दुर्मिळतेइतकाच त्यात एका लबाडीचाही वाटा आहे.

डिसेंबर 1872 मध्ये आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर भागात एफ. आर. ब्लूइट यांना हा पक्षी मिळाला. पुढच्याच वर्षी ए. ओ. ह्यूम (काँग्रेसच्या स्थापनेतले तेच) यांनी त्याचं वर्णन छापलं आणि शास्त्रीय नावात ब्लूइटना जागा दिली. नंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात, शहादा-तळोद्याकडे काही पक्षी टिपले. त्यांतला शेवटचा 1884 चा. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात नमुने.

मग आणखी एक नमुना पुढे आला. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षी-संग्राहक कर्नल रिचर्ड मायनर्त्झहागेन यांनी तो 1914 मध्ये गुजरातेत, तापीकाठच्या मांडवीला मिळवल्याची नोंद होती. साहजिकच मांडवी हे शेवटचं खात्रीचं ठिकाण ठरलं. सलीम अली आणि अमेरिकन पक्षीतज्ज्ञ डिलन रिप्ले यांनीही या पक्ष्याचा शोध घेतला, पण हाती काही लागलं नाही.

1990 च्या दशकात अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी हा नमुना बारकाईने तपासला, त्याचे क्ष-किरण फोटोही काढले. कातडं पुन्हा भरलेलं होतं, पण ते मुळात भरण्याची धाटणी डेव्हिडसनची. कर्नलसाहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातून डेव्हिडसनचाच पक्षी लांबवून त्याला खोटं ठिकाण आणि तारीख लिहिलेली नवी चिठ्ठी लावली होती! मांडवी बाद झाली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं उरली. तिथेच शोध घ्यायचं ठरलं. पूर्वेकडे, फुलझरच्या बाजूला, काही सापडलं नाही. 25 नोव्हेंबर 1997 ला सकाळी शहाद्याजवळ बेन किंग यांना एक पिंगळा दिसला. सोबत रासमुसेन आणि डेव्हिड ॲबट होते.

तो रानपिंगळाच, हे ओळखायला डोकं पाहावं लागतं. गावाकडच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाटीने असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नाहीतच. छाती गडद तपकिरी, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, नख्या दणकट. शिवाय हा दिवसाढवळ्या सरडे आणि उंदीर मारतो. उन्हात बसणारा पक्षी इतकी वर्षं नजरेतून सुटला, याचं नवल वाटतं.

पुढे तो तोरणमाळ, मेळघाट इथे नोंदला गेला, 2014 मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही. 2018 मध्ये त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ झाला. शहाद्याकडच्या जंगलात मात्र झाडतोड आणि शेतीसाठी होणारं अतिक्रमण यांनी त्याची जागा आक्रसतेच आहे.