जेवायचं कुठे, हे भूक लागण्याआधी ठरवा
किनाऱ्यावरचं सुट्टीचं घर आमच्याकडून भाड्याने घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

घराची किल्ली हातात पडली की बहुतेक पाहुणे पहिला प्रश्न हाच विचारतात: "इथे जेवायला चांगलं कुठे मिळेल?" प्रश्न रास्त आहे. अडचण होते ती वेळेची. आम्हाला हा फोन येतो तो रात्री साडेनऊला. मुलं पेंगुळलेली असतात, मोठ्यांचा आवाज चढलेला असतो आणि आमच्याकडे तेव्हा एकच खरं उत्तर उरतं: आता कुठेच नाही.

मागच्या हंगामात अकरा जणांचं एक कुटुंब असंच अडकलं. सूर्यास्त पाहिला, वाळूत रमले, घरी जाऊन अंघोळी केल्या आणि मग रमतगमत जेवायला निघाले. पहिल्या ठिकाणी खुर्च्या टेबलांवर उलट्या चढल्या होत्या. दुसऱ्या ठिकाणी दिवे चालू होते, पण चूल विझलेली. तिसरा माणूस मनापासून म्हणाला, "चार जण असता तर काहीतरी केलं असतं." आजीबाईंनी त्या रात्री दूध-बिस्किटांवर भागवलं. आम्ही फोनवर फोन करत होतो, पण त्या वेळी आमच्याही हातात काही नव्हतं. हाच फोन पाच वाजता आला असता तर अकराही जण पोटभर जेवले असते.

छोट्या किनारी गावातलं स्वयंपाकघर शहरातल्यासारखं चालत नाही. बहुतेक ठिकाणी रांधणारी माणसं दोन किंवा तीन. माल रोजचा रोज घ्यायचा, तोही अंदाजाने, कारण उरलेला मासा म्हणजे सरळ तोटा. त्यामुळे माल संपला की स्वयंपाकघर बंद, पाटीवर वेळ काहीही लिहिलेली असो. दार बंद होण्याच्या तासभर आधी चूल बंद होते, हेही लक्षात असू द्या. "कधीपर्यंत उघडं आहे?" असं विचारू नका, "शेवटची ऑर्डर कधी घेता?" असं विचारा.

शिवाय मासा घड्याळाप्रमाणे येत नाही. ज्या बंदराचं तोंड उथळ असतं तिथे होड्या भरतीच्या पाण्यावरच आत येतात, आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. परवा दुपारी बाराला ताजा मासा मिळाला म्हणून आजही बाराला मिळेल असं नाही. वारा सुटला, समुद्र खवळला की होड्या निघतच नाहीत. माशांच्या विणीच्या काळात अनेक ठिकाणी मासेमारी बंद ठेवली जाते. अशा दिवशी "आज मासा नाही" असं तोंडावर सांगणाऱ्या मालकावर रागावू नका. आम्ही तर अशाच माणसांचे नंबर जपून ठेवतो.

काही जण विचारतात, तुम्ही ठिकाणांची छापील यादी का देत नाही? पूर्वी देत होतो. हंगाम संपला की निम्मी ठिकाणं बंद होतात, आचारी बदलतो, आठवड्याची सुट्टी बदलते. मग यादी हातात घेऊन पाहुणे बंद दारापुढे उभे राहायचे. आता आम्ही त्या दिवशी फोन करून खात्री करतो आणि मगच नाव सांगतो. कोणत्याही ठिकाणाकडून आम्ही यासाठी पैसे घेत नाही, म्हणूनच एखाद्या ठिकाणी "आज नका जाऊ" असंही सांगू शकतो.

स्वतः शोधायला आवडत असेल तर जरूर शोधा, त्यातही मजा आहे. लाटा दिसणाऱ्या टेबलाचं भाडं मालकाला जास्त पडतं, आणि तिथला ग्राहक बहुधा एकदाच येऊन जाणारा. दोन गल्ल्या आत, जिथे गावातली माणसं वर्षभर जेवतात, तिथे चव टिकवावीच लागते. पण आतलं ते सगळंच चांगलं असंही धरून चालू नका. पदार्थांची यादी बघा. छोट्या स्वयंपाकघरात ऐंशी पदार्थ लिहिले असतील तर बरंचसं फ्रीजरमधून येतं. खडूने फळ्यावर पाच-सहाच नावं लिहिली असतील तर आम्ही तिथे निश्चिंत बसतो. गोठवलेला मासा वाईटच असतो असं मात्र नाही. बोटीवरच नीट गोठवलेला मासा दोन दिवस अर्धवट बर्फात पडलेल्या "ताज्या" माशापेक्षा कितीतरी बरा.

मासा आधी दाखवायला सांगा, त्यात संकोच कसला? आमच्या ओळखीच्या एक काकू न सांगताच अख्खा मासा ताटलीत घेऊन बाहेर येतात, अंगठ्याने कल्ला उचलतात आणि आतला लालभडक रंग दाखवतात. डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, अंगावर बोट दाबलं तर खळगा लगेच भरून यायला हवा, आणि वास समुद्राचा यायला हवा, अमोनियासारखा नव्हे. बांगडा, टूना यांसारख्या माशांच्या बाबतीत जरा जास्तच दक्ष राहा. ते गार ठेवले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन तयार होतं आणि कितीही शिजवलं तरी ते जात नाही. किनाऱ्यावर शिंपले गोळा करून घरी शिजवण्याचा मोह अनेकांना होतो. गावात विचारल्याशिवाय तो करू नका, कारण काही काळात शिंपल्यांमध्ये साठणारं विषही उकळून नष्ट होत नाही.

उरलेलं जेवण बांधून आणलंत तर ते टेबलावर ठेवून गच्चीवर गप्पा मारत बसू नका. शिजलेलं अन्न २ तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नये आणि ५ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या प्रत्येक घरात चालू फ्रीज, गॅस आणि दहा जणांची भांडी असतात, ती यासाठीच. पहिल्या रात्री उशिरा पोहोचणार असाल तर आदल्या दिवशी कळवा. साधं गरम जेवण घरी आणून ठेवायची सोय आम्ही करतो, जेवणाचे पैसे फक्त वेगळे. लांबचा प्रवास करून आलेल्यांनी पहिल्या रात्री हेच करावं असं आम्ही आग्रहाने सांगतो.

बाकी दिवशी बाहेर जेवणार असाल तर संध्याकाळी पाचच्या आत आम्हाला एक निरोप पाठवा: माणसं किती, त्यात लहान मुलं किती, शाकाहारी किती, आणि कोळंबी-खेकडा-शिंपले कुणाला चालत नाहीत का. हे शेवटचं विसरू नका. कोळंबीची ॲलर्जी असलेल्या माणसाला तीच कढई आणि तेच तेलही पुरेसं होतं, आणि गर्दीच्या वेळी वेगळी कढई काढायला आचाऱ्याला सवड नसते. आधी कळलं तर तो ती दुपारीच बाजूला काढून ठेवतो.