लिंक्ड क्लोन मास्टरला ‘जोडलेला’ असतो, म्हणजे नेमकं काय?

लिनक्स डेस्कटॉपच्या पूलसाठी (सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी संगणकांच्या संचासाठी) मास्टर टेम्पलेट, म्हणजे ज्यावरून बाकीचे डेस्कटॉप काढायचे तो नमुना, तयार झाला, की पुढचा प्रश्न येतो: त्याचे फुल क्लोन (प्रती) काढायचे की लिंक्ड? आभासी मशीन चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्स या प्रणालीत हे एका छोट्या खिडकीत निवडायचं असतं, म्हणून ते किरकोळ वाटतं. पण तो पूल पुढे कसा सांभाळायचा, हे तिथेच ठरून जातं.

फुल क्लोन समजायला सोपा. मास्टरची डिस्क पूर्ण कॉपी होते आणि दोघांचा संबंध तिथेच संपतो. नंतर मास्टर डिलीट केला तरी क्लोनला धक्का लागत नाही. मोबदला जागेत आणि वेळेत द्यावा लागतो: ४० जीबी भरलेला मास्टर आणि ५० डेस्कटॉप म्हणजे २,००० जीबी.

लिंक्ड क्लोनमध्ये ही कॉपी होतच नाही. मास्टरची डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते आणि प्रत्येक डेस्कटॉपला स्वतःची एक कोरी डिस्क फाइल मिळते. डेस्कटॉप जे लिहितो ते या फाइलमध्ये जातं. जे बदललेलं नाही ते मास्टरमधून वाचलं जातं. प्रॉक्समॉक्सखाली मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयू या सॉफ्टवेअरच्या क्यूकाऊ२ या डिस्क-फाइल फॉरमॅटमध्ये ही फाइल सुरुवातीला काहीशे केबींचीच असते, म्हणून क्लोन काही सेकंदांत तयार होतो. प्रत्येक डेस्कटॉपने ३ जीबी बदल केले असं धरलं, तर ५० डेस्कटॉप १९० जीबीत बसतात. शिवाय सगळे एकदम सुरू झाले तरी बहुतेक वाचन मास्टरच्या त्याच ब्लॉकांचं (डिस्कवरच्या तुकड्यांचं) असतं, आणि ते कॅशमधून, म्हणजे मेमरीत ठेवलेल्या प्रतीतून, भागू शकतं.

घोटाळा होतो तो ‘लिंक्ड’ या शब्दामुळे. मास्टर अपडेट केला की जोडलेले सगळे डेस्कटॉप आपोआप अपडेट होतील, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. क्लोन मास्टरच्या एका गोठवलेल्या क्षणाला जोडलेला असतो. क्लोन काढल्यावर कोणी मूळ क्यूकाऊ२ फाइल पुन्हा बूट करून त्यात पॅकेजेस टाकली, तर क्लोनच्या फाइलसिस्टिमचे काही ब्लॉक जुन्या हिशेबाचे आणि काही नव्या हिशेबाचे होतात, आणि अख्खा पूल बिघडतो. प्रॉक्समॉक्स टेम्पलेटला बूट होऊ देत नाही, आणि लिंक्ड क्लोन शिल्लक असताना तो डिलीटही करू देत नाही, ते याच कारणासाठी.

मग प्रत्येक डेस्कटॉपमध्ये शिरून अपडेट चालवायचं का? चालेल, पण १ जीबीचं अपडेट ५० ठिकाणी वेगवेगळं लिहिलं जाईल, आणि वाढलेल्या फाइली आपोआप आकसत नाहीत. असं दर महिन्याला केलं तर लिंक्ड क्लोनचा फायदाच हळूहळू संपतो. योग्य वाट वेगळी आहे: मास्टरचा फुल क्लोन काढा, त्यात अपडेट करा, त्याचा नवा टेम्पलेट बनवा आणि पूल नव्याने उभा करा. यात जुने डेस्कटॉप जातात, म्हणून वापरकर्त्यांची होम डिरेक्टरी (स्वतःच्या फाइलींचं फोल्डर) एनएफएससारख्या नेटवर्कवरच्या सामायिक साठवणीत, डेस्कटॉपच्या बाहेर हवी. ही तयारी नसेल तर लिंक्ड क्लोनच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका बाबतीत मात्र दोन्ही क्लोन सारखेच अडचणीचे: मास्टरची ओळख ते जशीच्या तशी घेऊन येतात. मशीन-आयडी (लिनक्समधला मशीनचा ओळख-क्रमांक) सारखा राहिला तर सिस्टमडी-नेटवर्कडी ही लिनक्सची नेटवर्क सेवा आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडे तीच ओळख पाठवते, आणि मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे पत्ते) वेगळे असूनही दोन डेस्कटॉपना एकच आयपी मिळू शकतो. मग माणूस स्विच आणि केबल तपासत बसतो. म्हणून मास्टर बंद करण्यापूर्वी मशीन-आयडीची फाइल रिकामी करा. पुढच्या बूटला नवा आयडी तयार होतो. एसएसएच होस्ट-की, म्हणजे दुरून लॉगिन करताना मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या, त्यासुद्धा काढून टाका. फेडोरा लिनक्समध्ये एसएसएच सेवा सुरू होताना या किल्ल्या पुन्हा बनतात. डेबियन आणि उबुंटूत ते काम क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला मशीनची मांडणी करणारं साधन) किंवा स्वतःच्या स्क्रिप्टवर सोपवावं लागतं. डोमेनमध्ये (संस्थेच्या सामायिक लॉगिन व्यवस्थेत) जोडणी क्लोन तयार झाल्यावरच करा, नाहीतर सगळे एकाच संगणक-खात्यावर येतील. ही साफसफाई बरीचशी व्हर्ट-सिसप्रेप हे साधन करून देतं, पण ते बंद मशीनवरच चालवायचं.

कोणालाही कुठलाही डेस्कटॉप चालणार असेल, तर मी लिंक्ड निवडतो. एकच माणूस एकच डेस्कटॉप वर्षानुवर्षं वापरणार आणि त्यात स्वतःची साधनं बसवणार असेल, तर फुल. लिंक्ड म्हणून दिलेला डेस्कटॉप पुढे कोणाचा तरी कायमचा झाला, तरी वाट बंद होत नाही: तो बंद करून त्याची डिस्क क्यूईएमयू-आयएमजी या साधनाच्या कन्व्हर्ट आदेशाने नव्या फाइलीत उतरवायची आणि मशीनला ती जोडायची, की मास्टरवरचं अवलंबन सुटतं.